री-म म्हणजे ४८

आईची ट्रंक मी या दिवाळीनंतर उघडली. ती जाऊन आठ महिने झाले होते आणि नाशिकच्या तिवंध्याजवळची वाड्यातली खोली रिकामी करून द्यायची होती. वर नेहमीच्या सुती साड्या, मग डांबराच्या गोळ्या, वर्तमानपत्राचा पिवळा पडलेला कागद आणि त्याखाली तिची जांभळी रेशमी साडी. घडी उलगडली तर पदराच्या आत टाचणीने लावलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी निघाली. टाचणी गंजली होती, तिचा तांबूस डाग रेशमावर उतरला होता. चिठ्ठीवर निळ्या शाईत अण्णांच्या हातची तीन अक्षरं: गो ते मा.

वाचताक्षणी मनात उमटलं, एकशे पासष्ट.

अण्णा म्हणजे माझे वडील. १९५६ साली सतराव्या वर्षी ते कापड पेठेतल्या एका दुकानात लागले आणि १९९७ पर्यंत त्याच मालकांकडे राहिले. दुकानाचं नाव इथे लिहीत नाही. त्या घरातलं आता कुणी या धंद्यात नाही आणि मला जे सांगायचंय ते त्या काळच्या कित्येक दुकानांना लागू आहे.

त्या चिठ्ठीवरची अक्षरं म्हणजे मालाची खरेदी किंमत. गिऱ्हाईकाला कळू नये आणि गादीवरच्या माणसाला मात्र क्षणात कळावी, म्हणून प्रत्येक दुकानाचा दहा अक्षरांचा एक शब्द ठरलेला असायचा. पहिलं अक्षर १, दुसरं २, असं करत दहावं अक्षर म्हणजे शून्य. एकही अक्षर दोनदा येता कामा नये. आमच्या दुकानात त्याला नुसतं 'शब्द' म्हणत. नवीन पोऱ्या लागला की वर्षभर त्याला तो सांगत नसत.

अण्णांनी घरीही कधी सांगितला नाही. मी तो दहाव्या वर्षी, १९७४ साली शोधून काढला. दुकानातल्या माणसांना दिवाळीला घरचं कापड खरेदीच्या भावात मिळायचं आणि आई पावत्या देवघराच्या फळीवर डब्यात ठेवायची. चिठ्ठीवर 'री म', पावती ४८ रुपयांची. 'दा न', पावती २७. 'व मा' ३५. 'गो स्का' १९. मी पाटीवर एकाखाली एक आकडे लिहिले आणि समोर अक्षरं मांडली. गो, दा, व, री. पुढचं सांगायला कुणाची गरज नव्हती, आमच्या घरात रोज सकाळी अंघोळ करताना ते नाव घेतलं जायचं. नंतर मा, मग एक रिकामी जागा, मग न, म, स्का आणि शेवटी पुन्हा एक रिकामी जागा. गोदावरीमाते नमस्कार.

रात्री अण्णा जेवायला बसले तेव्हा मी त्यांना ते म्हणून दाखवलं. त्यांचा घास हातातच राहिला. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "हा शब्द दुकानाचा आहे बाळा, घराचा नाही." मग पाणी प्यायले आणि उरलेलं जेवण न बोलता संपवलं.

साडीच्या खाली, ट्रंकेच्या तळाशी, मांजरपाटाच्या पिशवीत अण्णांची वही होती. त्या वहीबद्दल लिहायलाच मी बसले आहे, पण आधी दुकान कसं होतं ते सांगायला हवं. नाहीतर वही कळणार नाही.

दुकानाच्या उंबऱ्यापाशी चपला काढायच्या. आत भिंतीपासून भिंतीपर्यंत गादी, तिच्यावर पांढरी चादर, कडेला तक्के. चादर दर आठवड्याला परटाकडे जायची. गिऱ्हाईक गादीवर बसायचं आणि अण्णाही त्याच गादीवर, समोरासमोर, मांडी घालून. मधे काही नसायचं, फक्त कापड. तागा असा फेकायचे की तो गादीवर लोळत जाऊन बाईच्या गुडघ्यापाशी बरोबर थांबायचा. नव्या कापडाच्या खळीचा वास, धूप आणि कोपऱ्यातल्या माठाचं पाणी. फाडताना अण्णा कात्रीने बोटभर चीर द्यायचे आणि मग दोन्ही हातांनी टर्रकन एका रेषेत फाडायचे. तो आवाज मला अजून झोपेतही ओळखू येईल.

मापाला लोखंडी गज होता. १९५७ च्या एप्रिलपासून नवे पैसे आले, त्यानंतर काही वर्षांत वार जाऊन मीटर आला. अण्णा सांगायचे की जुन्या बायांना मीटरचा फार संशय. वाराला अमुक भाव होता, आता तेच कापड महाग कसं? मीटर वारापेक्षा साडेचार बोटं मोठा असतो हे पटवून देता देता त्यांचा घसा बसायचा. शेवटी गज आणि मीटरपट्टी शेजारी शेजारी ठेवून दाखवायचे. मात्र लुगड्यापुढे सरकारचंही काही चाललं नाही. नऊवारी ती नऊवारीच राहिली. ८ मीटर २३ सेंटिमीटर असं कुणी मागितलं नाही.

खरा मोसम बस्त्याचा. तुळशीचं लग्न लागलं की दिंडोरी, निफाड, सिन्नर, पेठ, सुरगाण्याकडची माणसं एसटीने सीबीएसच्या बसस्टँडवर उतरायची आणि शालिमारवरून चालत मेनरोडला यायची. एका बस्त्याला पंधरा-वीस माणसं. नवरीची आई, आत्या, मामी, चुलत्या, निर्णय घेणारा एक म्हातारा आणि यादी वाचणारा शाळेतला मुलगा. अण्णा आधी पाणी द्यायचे, मग चहा, मग विचारायचे, "मावशी, नवरी रंगाने कशी?" सगळ्यात पहिला शालू निघायचा, त्याला हळदकुंकू लागायचं. त्यानंतर मानाच्या साड्या, आहेराची लुगडी, धोतरजोड्या, टोप्या-उपरणी, खण, झंपराचं कापड. कोणाच्या मानाचं लुगडं कोणाहून दोन रुपयांनी कमी असून चालणार नाही, हे अण्णांना त्या घरातल्या माणसांइतकंच ठाऊक असायचं. सकाळी दहाला सुरू झालेला बस्ता दुपारी अर्ध्यावर सोडून मंडळी घाटावर जाऊन भाकरी खाऊन यायची आणि परत बसायची. संध्याकाळी सगळं कापड पांढऱ्या चादरीत बांधलं जायचं, वर नारळ. थोडे पैसे रोख, बाकीचे कांद्याचे किंवा द्राक्षांचे पैसे आले की. खातेवहीत अंगठा किंवा सही.

या एका दिवसात ती माणसं पूर्ण बाजार फिरायची. कापड पेठेतून सराफ बाजार, तिथून भांडी बाजार, तांब्या-पितळेला तांबट लेन, मग रविवार कारंज्यावर चांदीच्या गणपतीला हात जोडून परत. एकाच छपराखाली सगळं मिळणारं दुकान म्हणजे डिपार्टमेंटल स्टोअर असं आता म्हणतात. आमच्याकडे मेनरोड आणि त्याच्या गल्ल्या मिळून ते होतं, फक्त छप्पर नव्हतं. एकेक गल्ली म्हणजे एकेक खातं. आणि त्याला दार होतं ते ट्रामचं. १८८९ साली सुरू झालेली घोड्यांची ट्राम नाशिकरोड स्टेशनापासून थेट मेनरोडवरच्या जुन्या नगरपालिकेपाशी यायची. १९३० नंतर दोन-तीन वर्षांत ती बंद पडली, पण माझ्या आजोबांनी तिच्यातून प्रवास केलेला होता. ते म्हणायचे, मधे नुसतं रान, आणि रान संपलं की एकदम बाजार.

आता वही.

वही १९६९ च्या नोव्हेंबरपासून सुरू होते. आधीच्या वह्या त्या सप्टेंबरच्या महापुरात गेल्या. कापड पेठ गोदावरीच्या इतकी जवळ, की पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं की मालक माळ्यावर माल चढवायला सांगायचे. त्या वर्षी माळाही पुरला नाही. आई सांगायची, पाणी ओसरल्यावर अण्णा आणि दुकानातली माणसं हातगाड्यांवर भिजलेल्या साड्या आमच्या वाड्यात घेऊन आली, कारण आमची आळी उंचावर. तिन्ही बाजूंच्या कठड्यांवर, जिन्यावर, विहिरीच्या रहाटावरसुद्धा साड्या वाळत होत्या. लाल रंग उतरून खालच्या पिवळ्यावर ठिबकत होता. मी पाच वर्षांची होते. मला त्यातलं एवढंच आठवतं की अंगणातली माती गुलाबी झाली होती.

वहीच्या प्रत्येक पानावर रकाने आखलेले आहेत. तारीख. गाव. माल. मग शब्दातल्या अक्षरांत दोन किमती, एक खरेदीची, एक विकल्याची. आणि उजवीकडे शेवटी एक अरुंद रकाना, त्याला मथळा नाही.

ही दुकानाची वही नव्हे. ती अण्णांची स्वतःची होती आणि आईखेरीज ती कुणी पाहिली नसावी.

१९७२ सालच्या मार्गशीर्षातलं एक पान मी दहा-बारा वेळा वाचलं आहे. एकाच दिवशी, एकाच तऱ्हेची दोन हिरवी लुगडी. खरेदी दोन्हींची 'दा ते', म्हणजे २६ रुपये. पहिल्यापुढे लिहिलंय 'वकीलवाडी', आणि विक्री 'व दा', ३२. दुसऱ्यापुढे 'पेठ, म्हातारी', आणि विक्री 'री गो', ४१.

३२ आणि ४१. शहरातल्याच वकीलवाडीतल्या बाईंना चार दुकानं फिरून यायला वेळ होता. आज नाही पटलं तर उद्या येता येत होतं. पेठ पन्नासेक किलोमीटर लांब. त्या म्हातारीला संध्याकाळची एसटी गाठायची होती. ती सकाळपासून उपाशी असेल, भाव करायला शब्द सुचले नसतील, गादीवर बसायलाही ती संकोचली असेल. अशा बायका उंबऱ्याशीच उकिडव्या बसायच्या, मी पाहिलंय. अण्णा "वर या मावशी" म्हणायचे तरी त्या यायच्या नाहीत. चेहरा बघून भाव सांगायची रीत होती, आणि तो चेहरा किती थकलाय हेही त्या भावात धरलेलं असायचं.

त्या म्हातारीपुढे उजव्या अरुंद रकान्यात लिहिलंय: 'सदरा २ मी., ४ बोटं.'

मला अर्थ लागायला दोन दिवस लागले. तिने नातवाच्या सदऱ्यासाठी दोन मीटर कापडही घेतलं असणार. अण्णांनी फाडताना पट्टीच्या पुढे चार बोटं सरकून चीर दिली. तशाच नोंदी पुढे पानोपानी आहेत. जिथे जिथे दोन किमतींतलं अंतर मोठं, तिथे तिथे उजवीकडे '३ बोटं', '४ बोटं', एके ठिकाणी 'वीतभर'.

चार रुपये मीटरचं कापड धरलं तर चार बोटं म्हणजे तीसेक पैसे. समोर नऊ रुपये. हा हिशोब मी केला आणि मला वाईट वाटलं, अण्णांसाठी आणि त्या म्हातारीसाठीही. ते काही फेडत नव्हते, फेडता येणार नाही हे गणितात हुशार असलेल्या त्या माणसाला दिसत होतं. वरच्या जादा पैशांतूनच दिवाळीची पोस्त यायची. आमच्या फुलबाज्या, माझी शाळेची फी, कदाचित ही जांभळी साडीसुद्धा. तरी ते रोज रात्री बसून लिहीत होते. का लिहीत होते ते त्यांना विचारायची वेळ निघून गेली. २०११ साली ते गेले.

१९७५ चा जून उजाडला, आणीबाणी आली. त्या काळाबद्दल माझ्या घरातही दोन मतं होती. मामा तुरुंगात होते, आणि त्या सरकारबद्दल मी कधीही चांगलं बोलणार नाही. पण दुकानदारांनी मालावर किमती लावल्या पाहिजेत, भावफलक दिसला पाहिजे, अशी सक्ती तेव्हा झाली. मालकांनी नाराजीनेच पेंटर बोलावला. गादीच्या मागच्या भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलं गेलं: 'एकच भाव'. प्रत्येक ताग्याला आकड्यांतली चिठ्ठी लागली. साधे आकडे, १, २, ३.

वहीत ऑगस्ट १९७५ पासून उजवा रकाना कोरा आहे. रेघा आखलेल्या आहेत, आत काही नाही. असं सव्वा पान, आणि वही तिथेच संपते. पुढची शंभरेक पानं कोरी.

नंतर मी वाचलं की पॅरिसमध्ये बूसिको नावाच्या माणसाने १८५२ पासून 'बाँ मार्शे' दुकानात हेच केलं: प्रत्येक वस्तूवर किंमत लिहायची, घासाघीस नाही, आवडलं नाही तर माल परत. जगातल्या मोठ्या डिपार्टमेंटल स्टोअर्सची सुरुवात तिथून सांगतात. आपल्याकडे हे काचेच्या दारातून आलं नाही. टंचाईतून आलं. १९६२ च्या चीन युद्धानंतर भाव आवरायला केंद्र सरकारने शहरोशहरी ग्राहक सहकारी भांडारं उभी करायची योजना आणली. १९६६ ला रुपयाचं अवमूल्यन झालं आणि त्याच वर्षी दिल्लीत सुपर बाझार उघडला. मुंबईत नायगावचा अपना बाजार तर १९४८ पासूनचा, कामगारांनी काढलेला. आमची आई भांडाराची सभासद होती. साखर, डालडा आणि कंट्रोलचं कापड तिथून यायचं. त्या रांगेत वकिलीणबाई आणि आमची मोलकरीण एकामागे एक उभ्या असायच्या आणि दोघींना पाटीवरचाच भाव लागायचा. आई या गोष्टीचं फार कौतुक करायची. अण्णा जेवताना ऐकून घ्यायचे, बोलायचे नाहीत. आता वही वाचल्यावर ते गप्प बसणं मला कळतं.

म्हणून जुनी दुकानं गेली, माणुसकी गेली, असं कुणी लिहिलं की मला ते सरसकट पटत नाही. एक भाव ही मोठी गोष्ट होती. ती सगळ्यात जास्त कुणाची झाली असेल तर उंबऱ्याशी उकिडवं बसणाऱ्या बाईची.

पण गादी गेली हे मात्र वाईट झालं.

१९८२ च्या जानेवारीत मुंबईचा गिरणी संप सुरू झाला आणि गिरणीचा माल आटला. दुकान मालेगाव, इचलकरंजी आणि सुरतेच्या मालावर गेलं, सुतीच्या जागी सिंथेटिक आलं. मालकांचा मुलगा हुशार आणि हौशी होता. त्याने १९८५ साली अण्णांना मुद्दाम मुंबईला नेलं. फोर्टमधलं अकबरअलीजचं डिपार्टमेंटल स्टोअर दाखवलं, डी. एन. रोडवर व्हाइटवे लेडलॉच्या इमारतीतलं खादी भांडार दाखवलं. अण्णांना खादी भांडार इतकं आवडलं की आठवडाभर ते त्याच्या लाकडी जिन्याबद्दल बोलत होते. १९८७ च्या दसऱ्याला मेनरोडवर आमच्या दुकानाचं तीनमजली स्टोअर झालं. खाली शर्टिंग-सूटिंग, पहिल्यावर साड्या, दुसऱ्यावर रेडिमेड आणि मुलांचे कपडे, जिन्याखाली खेळणी आणि सौंदर्यप्रसाधनं. गिऱ्हाईकांची रीघ लागली. मुली पहिल्यांदा घरच्यांना न विचारता स्वतः हँगरवरचे कपडे चाळायला लागल्या. मीही.

अण्णा तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचे. एकतीस वर्षं मांडी घालून बसलेला माणूस काचेच्या काउंटरमागे उभा राहिला, सकाळी दहा ते रात्री साडेआठ. स्टूल ठेवायचं नाही असा नियम होता, बसलेला माणूस आळशी दिसतो म्हणून. वर्षभरात पोटऱ्यांच्या शिरा दोरीसारख्या फुगल्या. आई रात्री तिळाचं तेल कोमट करून चोळायची. आणि बस्त्याची माणसं आली की ती भांबावून जायची, बसायचं कुठे? म्हातारे जिन्याच्या पायरीवर बसायचे. अण्णा मग काउंटर सोडून त्यांच्या शेजारी पायरीवर बसून साडी दाखवायचे. त्याबद्दल त्यांना दोनदा लेखी ताकीद मिळाली. ते दोन्ही कागदही त्या पिशवीत आहेत, नीट घडी घातलेले.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. कॉलेज रोड, गंगापूर रोडला दुकानं गेली. उंटवाडीला सिटी सेंटर मॉल झाला. सप्टेंबर २००८ च्या पुरात कापड पेठेतलं जुनं दुकान, जे तोवर गोडाऊन झालं होतं, पुन्हा भरलं. अण्णा एकोणसत्तर वर्षांचे, तरी काठी टेकत बघायला गेले. २०१६ च्या आणि २०१९ च्या ऑगस्टमध्येही सराफ बाजारात, दहीपुलाला पाणी आलं. ते बघायला ते नव्हते. मेनरोडवरचं स्टोअर विकलं गेलं. आता तिथे खाली मोबाइलची कव्हरं मिळतात.

मार्च २०२१ च्या अखेरीस कोरोनाच्या गर्दीवर उपाय म्हणून मेनरोडला शिरायला पाच रुपयांची पावती फाडायला लागली होती. एक तासाची मुदत, वेळ टळली तर पाचशे रुपये दंड. मी आईसाठी दोन सुती साड्या आणायला गेले होते. पावती हातात धरून मी घड्याळाकडे बघत चालले होते आणि मला त्या बस्त्याच्या माणसांची आठवण येत होती, जी सकाळी दहाला येऊन दिवेलागणीला उठायची. घरी आल्यावर आईने साड्यांआधी ती पावती मागून घेतली आणि डब्यात ठेवली. तीही ट्रंकेत सापडली.

जांभळी साडी मी ड्रायक्लीनला दिलेली नाही. गंजाचा डाग निघतो म्हणतात, पण चिठ्ठीसकट ठेवायची ठरवली आहे. वहीची सगळी पानं मोबाइलवर फोटो काढून ठेवली, आता एकेक नोंद साध्या आकड्यांत उतरवते आहे. ३१४ नोंदी झाल्या, अजून निम्म्या बाकी आहेत. गावांची नावं ओळखीची आहेत, पण काही ठिकाणी अण्णांनी नुसती 'पे.' किंवा 'दिं.' अशी खूण केली आहे.

नाशिक जिल्ह्यातल्या कुणाच्या घरी त्या काळातलं लुगडं, शालू, आहेराची साडी असेल, आणि घडीत पुठ्ठ्याची अशी चिठ्ठी निघाली, तर तिच्यावरची अक्षरं मला कळवा. पावती असेल तर फारच उत्तम. आमचा शब्द तर आता सांगून झाला. शेजारच्या दुकानांचे वेगळे होते, आणि ते कुठेही लिहिलेले नाहीत.